बेडकाचा मार्क

बेडकापुढे टोपी काढून हात जोडणारा आणि त्याच हातांनी त्याचं पोट उघडून दाखवणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो परभणीत आम्हाला जीवशास्त्र शिकवायला होता. आमच्या इंटरच्या कॉलेजात या विषयाचे ते एकटेच प्राध्यापक. विभागप्रमुखही तेच, प्रयोगशाळेत काचा पुसणारेही तेच, आणि काच फुटली की ओरडायचे तेही स्वतःवरच. अंगात निजामाच्या अमदानीतली काळी शेरवानी आणि डोक्यावर पोलीस अ‍ॅक्शननंतर घेतलेली पांढरी टोपी. "खाली जुनं राज्य, वर नवं. मधी मी लटकायलोय," असं स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. शेरवानीच्या खिशात हात घातला तर काय लागेल याचा भरवसा नव्हता. सुपारी मागावी तर गोगलगायीचा शंख निघायचा, आणि एकदा प्राचार्यांना अडकित्ता म्हणून सरड्याची वाळकी कवटी हातात दिली होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांची शेरवानी धुवायची म्हणलं की आधी पंचनामा करावा लागतोय."

सर मूळचे सोनपेठकडचे, गोदाकाठचे. शिकले हैदराबादला, आणि तेही सगळं उर्दूतून. आम्ही त्यांच्यापुढे जाऊन बसलो तोवर राज्य बदललं होतं, शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली होती. विषय तोच, बेडूक तोच, पण बेडकाच्या पोटातली सगळी नावं एका फर्मानानं बदललेली. "काल कल्ब होतं, आज हार्ट झालं. बेडकाला इचारलं का कुणी?" असं सर विचारायचे. पण रागावून बसणाऱ्यांतले ते नव्हते. पन्नाशीला टेकलेला हा माणूस पहाटे अंगणात फेऱ्या मारत इंग्रजी नावं घोकायचा. शेजारच्या मारवाड्याला वाटायचं, मास्तरांनी कसला तरी जप धरलाय. वर्गात आधी उर्दू शब्द तोंडातून निसटायचा, मग जीभ चावून इंग्रजी यायचा, आणि समोरची आमची खेड्यापाड्यांतली बावळट तोंडं बघून शेवटी मराठी यायचा. त्यामुळे आम्हाला काळजाची तीन-तीन नावं पाठ झाली. पुढे राज्यं बदलत राहिली. निजामाचं गेलं, भारतातलं हैदराबाद आलं, मग मुंबईचं द्विभाषिक, शेवटी महाराष्ट्र. "मी घर न बदलता चार राज्यांत नोकरी केली, आन् चारी राज्यांत छत गळायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

झाडांची कुळं ते भावकीनं शिकवायचे. आठवडी बाजार भरला की वर्ग बाजारात. वांगं, मिरची, टमाटा एका भावकीतले, आणि तंबाखू त्याच घरातला वाया गेलेला धाकटा. कापूस आणि भेंडी चुलत बहिणी. एकीचं नशीब बाजारपेठेत उघडलं, दुसरी चुलीपाशीच राहिली. ज्वारी, ऊस आणि बांधावरचं गवत यांचा आजा एकच. तोंडी परीक्षेत इतर गावचे मास्तर काय विचारत असतील ते असोत, आमचे सर विचारायचे, "कापसाच्या घरी लगीन निघालं. भावकीतलं मानाचं पातळ कुणाला?" आम्ही म्हणायचो, "भेंडीला!" "का?" मग मात्र पाकळ्या, पुंकेसर, पानांच्या शिरा असं सगळं पुराव्यानिशी सांगावं लागायचं. पुरावा चुकला की पातळ परत. अजूनही मी भाजी घ्यायला गेलो की भेंडीच्या ढिगाऱ्यापुढे उगाच रेंगाळतो. भाजीवालीला वाटतं, हा भाव पाडायला थांबलाय. मी थांबलेला असतो मागून कुणी "का?" विचारील म्हणून.

कुणी नापास झालं तर सरांना स्वतः नापास झाल्यासारखं व्हायचं. निकाल लागायच्या आधी ते त्या पोराच्या गावी जायचे, बापाशी पाऊसपाण्याचं बोलायचे, पिठलं-भाकरी मागून खायचे आणि जाताना पोराला बांधावर नेऊन तिथंच पुन्हा परीक्षा घ्यायचे. आमच्या गावच्या एकाच्या घरी असे गेले, तर त्याच्या बापाला वाटलं, मास्तर पोरीचं स्थळ घेऊन आले. त्यानं पाव्हण्यांसाठी पुरणाचा घाट घातला. सरांनी पुरणपोळी मनापासून खाल्ली आणि मग सांगितलं, "पोरगं बायलॉजीत बसलंय. पण पुरण लय झ्याक झालंय, तवा परत घेतो परीक्षा."

मात्र एका बाबतीत सर हरभऱ्यासारखे टणक होते. बेडकाच्या विच्छेदनात त्यांनी आजवर कुणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले नव्हते. नसा दोऱ्यासारख्या मोकळ्या करून दाखवा, हृदय धडधडतं ठेवून उघडा, काहीही करा, एक मार्क कमीच. विचारलं तर म्हणायचे, "तो बेडकाचा हाय." पहिल्यांदा आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "तुम्ही इथं शिकायला आलाव, तो मरायला आलाय. काम दोघांनी केलं. त्याला एक तरी द्यायचा का न्हाई?" पुढे कुणी हुज्जत घातली नाही. मार्कांच्या यादीत बेडकाचं नाव तेवढं नव्हतं, नाहीतर आमच्या कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क बेडकालाच पडलेले दिसले असते.

आता मुख्य अडचण अशी की परीक्षा उन्हाळ्यात, आणि परभणीच्या उन्हाळ्यात बेडूक आणायचा कुठून? तो बिचारा जमिनीच्या पोटात शिरून झोपलेला. सरांनी त्यावर तोड काढली होती. काकूंचं माहेर चारठाण्याचं. तिथल्या जुन्या देवळाजवळच्या बारवेचं पाणी उन्हाळ्यातही हटत नसे. सर श्रावण-भादव्यात ओढ्यातले धट्टेकट्टे बेडूक धरायचे, माठात घालायचे, माठाला फडकं बांधायचे आणि मोटारीनं सासुरवाडीला निघायचे. कंडक्टरनं एकदा माठातून आवाज ऐकून विचारलं, "सर, ह्यात काय हाय?" सर म्हणाले, "परीक्षेचे उमेदवार." कंडक्टर म्हणाला, "मंग अर्धं तिकीट काढा त्यांचं." दोघंही शपथेवर गंभीर होते. असे ते उमेदवार बारवेत सोडायचे आणि वर्षभर दर पंधरवड्याला त्यांची विचारपूस करायला जायचे. पायऱ्या उतरून पाण्याशी जायचं, टोपी काढायची, हात जोडायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं आणि वर येऊन जेवायचं. काय पुटपुटायचे ते आम्हाला माहीत होतं. आधीच माफी मागून ठेवायचे.

माझ्या इंटरच्या शेवटच्या वर्षी मात्र वातावरण तंग होतं. आमच्याकडच्या जीवशास्त्राला विद्यापीठाची परवानगी होती ती तात्पुरती. त्या वर्षी बाहेरचे परीक्षक येणार, प्रात्यक्षिक परीक्षा पाहणार आणि त्यांचं मत पडेल त्यावर परभणीत हा विषय राहायचा की जायचा ते ठरणार होतं. गेला, तर ज्याच्या बापाला हैदराबादचा खर्च झेपेल त्यानंच डॉक्टर व्हावं, बाकीच्यांनी औत धरावं. आमची वर्गातली डझनभर पोरं असल्याच घरांतली. सरांचं तर सगळंच त्यात होतं. या विषयासाठी त्यांनी हैदराबादचे उंबरे झिजवले होते. ते आम्हाला म्हणायचे, "माझ्या मागं ह्या जिल्ह्यात एक तरी डॉक्टर असा पायजे, ज्याला रोग्याची बोली समजती." ते म्हणताना त्यांची नजर बाकावरून फिरायची आणि जरा जास्तच वेळ माझ्यावर थांबायची. मी खाली बघायचो.

परीक्षेच्या दोन दिवस आधी सर मला घेऊन चारठाण्याला निघाले. जाळं माझ्या खांद्यावर, माठ सरांच्या मांडीवर. बारवेशी पोहोचलो आणि सर थबकलेच. पायऱ्यांवर, गेल्या खेपेपर्यंत नव्हतं असं हळदीकुंकू वाहिलेलं, कोनाड्यात पणती, काठावरच्या झुडपाला चिंध्या बांधलेल्या. खाली हिरव्या पाण्यात आमचे उमेदवार गुटगुटीत होऊन बसले होते. मी जाळं सोडलं, तोच देवळातली गुरवाची म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"जावईबापू, ह्यो पोरगा काय करायलाय?"

"बेडूक न्यायला आलाव मामी. कॉलेजात लागतेत," सर म्हणाले.

"तुमी काय बी मागा, गाव देईल. पर बेडूक न्हाई. देवाचे हायेत ते."

"देवाचे कशे? मीच आणून सोडलेत की."

"आमाला ठावं न्हाई व्हय? आमी बघतो की. दर पंदरा दिसाला येता, टोपी काढता, हात जोडता. औंदा लगनाला बारा वर्सं झाली, तरी आमच्या पोरीच्या मांडीवर लेकरू न्हाई, म्हनून नवस बोललाव तुमी. तुमी कुनाला बोलला न्हाई, पर गाव काय आंदळं हाय? वरीसभर एका बी पोराला ह्यांच्यावर खडा मारू दिला न्हाई आमी. पोरीची कूस उजवंस्तवर ह्यातला एक बी हलायचा न्हाई."

म्हातारीच्या मागे आणखी चार-दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतल्या एकीनं सरांच्या पायावर पाणी घातलं. सर सावकाश पायऱ्या उतरले, टोपी काढली, हात जोडले आणि माठात नुसतं पाणी भरून घेऊन वर आले. म्हातारीला म्हणाले, "तीर्थ न्यायलोय." ती खूष झाली.

परतीच्या मोटारीत मी तळमळत होतो. म्हणालो, "सर, खरं काय ते सांगायचं की. आपलं जीवशास्त्र जाईल अशानं!" सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "काय सांगू रं? की तुमी जे वरीसभर जपलंव, ते मी परवा टेबलावर कापणार हाय? मला लेकरू व्हावं म्हणून इतक्या लोकांनी... माझ्या सख्ख्या भावानं केलं न्हाई इतकं." घरी काकूंनी रिकामा माठ पाहिला, हकीकत ऐकली आणि आधी पदर तोंडाला लावून खूप हसल्या. मग ते पाणी त्यांनी तुळशीला घातलं आणि आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. हैदराबादचे, गळ्यात टाय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांचं इंग्रजी इतकं गुळगुळीत की आमच्या कानात एक अक्षर अडकत नव्हतं. आधी आम्ही भेंडीच्या देठाचे पातळ छेद घेतले, भिंगाखाली लावले. ते त्यांना पटलेले दिसले. मग त्यांनी विचारलं, "बेडूक कुठे आहेत?" सरांनी शेरवानीची बटणं काढायला सुरुवात केली. शेरवानी खुंटीला, सदरा खुंटीला, टोपी टेबलावर. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो पोक्त माणूस विच्छेदनाच्या टेबलावर उताणा झाला, हातपाय टाचण्या मारल्यासारखे चहूबाजूंना पसरले आणि म्हणाला, "सुरू करा. रंगीत खडू फळ्यापाशी हायेत."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर तेच दृश्य. शेवटी खुर्ची ओढून बसले आणि एकेकाला पुढे बोलावू लागले. एकानं निळ्या खडूनं फुप्फुसं काढली. दुसऱ्यानं यकृत काढायला घेतलं आणि घात झाला. सरांना गुदगुल्या फार. यकृताचा पहिला खंड होतोय न होतोय तोच टेबल गदगदा हलू लागलं. परीक्षक करड्या आवाजात म्हणाले, "बेडूक हसत नाही." सरांनी ओठ घट्ट मिटले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पुढे हूं की चूं केलं नाही.

माझ्या वाट्याला हृदय आलं. लाल खडूनं मी सरांच्या छातीवर ते काढलं. खडूखाली काहीतरी जोरजोरात ठोके देत होतं आणि माझ्या बोटांना ते कळत होतं. परीक्षकांनी विचारलं, "कप्पे किती?" मी गांगरलो. माणसाच्या हृदयाला चार कप्पे, बेडकाच्या हृदयाला तीन. समोर काय आहे? सरांकडे पाहिलं, तर ते डोळे मिटून इमानेइतबारे मेलेले. मी म्हणालो, "तीन." परीक्षक पुढे झुकले. "या गृहस्थांच्या छातीत तीनच कप्पे आहेत?" मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "सर सध्या बेडूक आहेत. उठले की चार होतील." मग त्या टायवाल्या माणसाचे खांदे हलू लागले. बेडूक हसत नसेल. परीक्षक मात्र चांगलेच हसले.

सगळं संपल्यावर त्यांनी सरांना बाजूला घेऊन उर्दूत विचारलं, बेडकांचं झालं तरी काय? उर्दू ऐकताच सरांचा चेहरा मोकळा झाला. मी टेबल पुसत होतो. सरांनी बारव, म्हातारी, नवस, सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगायचं झालं असतं तर सात जन्मांत जमलं नसतं. खुंटीवरची शेरवानी परीक्षकांनी स्वतः काढली आणि सरांच्या अंगात घालायला उघडून धरली. छातीवर माझं लाल हृदय तसंच होतं, ते शेरवानीआड गेलं. पुढे प्राचार्यांनी त्यांचा अभिप्राय वाचून दाखवला: विच्छेदन समाधानकारक, नमुना अपेक्षेपेक्षा मोठा. परभणीतलं जीवशास्त्र राहिलं.

मार्क कळले तेव्हा आमच्या सगळ्यांचा एक-एक मार्क कापलेलाच. मी भांडायलाच गेलो. "सर, या वर्षी बेडूक कापलाच नाही!" सर म्हणाले, "मंग टेबलावर कोण तुझा काका निजला होता?"

मी हैदराबादला जाऊन डॉक्टर झालो. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी पाथरीच्या सरकारी दवाखान्यात लागलो. रोग्यांची बोली मला समजत होती. सरांना सांगायला जायचं मनात होतं, तेवढ्यात काकूंचाच निरोप आला. गेलो, तर सर खाटेवर उताणे, खुंटीवर शेरवानी. मी सदऱ्याची बटणं काढून नळी छातीला लावली. ती नेमकी कुठे लावायची ते मला शोधावं लागलं नाही. सर डोळे न उघडता पुटपुटले, "गुदगुल्या करू नको रं." मी ऐकत राहिलो. जे ऐकू येत होतं ते चांगलं नव्हतं. त्यांनाही ते माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"कप्पे किती?" त्यांनी विचारलं.

"तीन, सर."

"बरोबर." जरा दम घेतला. "तुझा एक मार्क राहिलाय माझ्याकडं. घेऊन टाक. बेडकाला आता काय करायचाय."

त्याच आठवड्यात सर गेले.

आता मी पैकीच्या पैकी मार्क मिळालेला त्यांचा एकुलता एक विद्यार्थी आहे, आणि मला तो मार्क नको आहे. तो परत घ्यायला ते असायला हवे होते. जिंतूरकडे काम निघालं की मी वाट वाकडी करून चारठाण्याला जातो, बारवेच्या पायऱ्या उतरतो. बेडूक आहेत. त्यांना कुणी खडा मारत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही टोपी काढून हात जोडले आणि वर आलो, तर गुरवाची म्हातारी काठीला टेकून उभी होती. डोळ्यांना अंधूक दिसायला लागलेलं. म्हणाली, "जावईबापूवानी उभा ऱ्हायलास. तू कोन रं त्यांचा?"

विद्यार्थी म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "नवसाचा."

म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "मंग फेडायला लय उशीर केलास, लेकरा."